जॅग्वार: स्वस्तात विकलेल्या ऐटीची उधारी

मार्च 2009. जे. डी. पॉवर या अमेरिकी संस्थेने तीन वर्षं रस्त्यावर राहिलेल्या गाड्यांच्या टिकाऊपणाची क्रमवारी जाहीर केली. वर्षानुवर्षं पहिला येणारा लेक्सस त्या वर्षी खाली घसरला. पहिल्या जागेवर दोन नावं बरोबरीने होती, ब्यूक आणि जॅग्वार. दर 100 गाड्यांमागे 122 तक्रारी, म्हणजे एका गाडीला सरासरी सव्वा तक्रारही नाही. त्याच महिन्यात संपलेल्या आर्थिक वर्षात टाटा मोटर्सच्या एकत्रित ताळेबंदात 2,505 कोटी रुपयांचा तोटा दिसला. जागतिक मंदी आणि नऊ-दहा महिन्यांपूर्वी घेतलेली जॅग्वार लँड रोव्हर ही त्यामागची मोठी कारणं होती.

गाडी पहिल्या नंबरची असूनही गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, कारण त्याच्या डोक्यात 1975 ची जॅग्वार होती. या प्रकरणात गाडीची तब्येत आणि गाडीचं नाव यांचा हिशोब वेगवेगळा ठेवावा लागतो, कारण नाव तब्येतीच्या दहा-पंधरा वर्षं मागून चालत आलं आहे. आणि तब्येत बिघडण्याचं मूळ लेलँडच्या, म्हणजे 1968 नंतर जॅग्वार ज्या ब्रिटिश समूहात होती त्याच्या, काळात शोधतात, तिथे ते नाही. ते त्याही आधीच्या, सगळे ज्याला सुवर्णकाळ म्हणतात त्या काळात आहे.

किंमत हेच आश्चर्य

1922 मध्ये ब्लॅकपूल इथे विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्स्ली यांनी मोटारसायकलचे साइडकार बनवायला सुरुवात केली. 1927 पासून ते ऑस्टिन सेव्हनच्या साध्या चासीवर देखणी बॉडी चढवू लागले, 1928 मध्ये बिऱ्हाड कोव्हेंट्रीला हललं. 1935 मध्ये 'एसएस जॅग्वार' ही सलून लंडनच्या मेफेअर हॉटेलात दाखवली, तेव्हा लायन्सनी जमलेल्यांना किमतीचा अंदाज करायला सांगितलं. अंदाजांची सरासरी 600 पौंडांच्या वर गेली. खरी किंमत 400 पौंडांच्या आत होती. पुढची 35 वर्षं कंपनीचा धंदा याच धक्क्यावर चालला. 1945 मध्ये 'एसएस' ही अक्षरं नाझींमुळे नकोशी झाली आणि कंपनीचंच नाव जॅग्वार झालं.

1948 चं एक्सके इंजिन खरोखर मोठं काम होतं. सहा सिलिंडर, 3,442 सीसी, वर दोन कॅमशाफ्ट, 160 अश्वशक्ती. शर्यतीच्या गाड्यांत असणारी रचना त्यांनी दुकानात विकायच्या गाडीत बसवली. ल मां इथली 24 तासांची शर्यत जॅग्वारने 1951, 1953, 1955, 1956 आणि 1957 अशी पाच वेळा जिंकली, आणि 1953 च्या विजयात डिस्क ब्रेकचा मोठा हात होता. 1961 मध्ये जिनिव्हात ई-टाइप आली. 3.8 लिटर, 265 अश्वशक्ती, ताशी 150 मैलांचा दावा आणि किंमत सुमारे 2,100 पौंड. ॲस्टन मार्टिन घेणाऱ्याला याच्या जवळपास दुप्पट मोजावे लागत. 1974 पर्यंत 72 हजारांहून अधिक ई-टाइप बनल्या.

एवढी स्वस्त कशी? लायन्स हिशोबाला कमालीचे कडक होते. बॉडीचा पत्रा दाबण्याचा कारखाना त्यांनी स्वतःचा उभारलाच नाही, बॉडी प्रेस्ड स्टील कंपनीकडून येई. वायरिंग, डायनॅमो, स्विच, सील हे सगळं बाहेरून आणि भाव पाडून घेतलेलं. एक्सके इंजिन इतकी वर्षं चाललं की त्याची शेवटची आवृत्ती 1992 पर्यंत जॅग्वारच्याच डेमलर नावाच्या लिमोझिनमध्ये बसत होती. ही काटकसर एका मर्यादेपर्यंत हुशारीची. पण मर्सिडीज जो पैसा तपासणीवर, यंत्रांवर आणि पुरवठादाराचा माल नाकारण्यावर खर्च करत होती, तो जॅग्वारच्या किमतीत धरलेलाच नव्हता. मेफेअर हॉटेलातल्या त्या फरकाचं बिल पुढच्या मालकांच्या नावावर निघत राहिलं.

लेलँडच्या छताखाली

1965 मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने प्रेस्ड स्टील विकत घेतली आणि जॅग्वारच्या बॉडीची नाडी दुसऱ्याच्या हातात गेली. लायन्स यांचा एकुलता एक मुलगा 1955 मध्ये ल मांला जाताना अपघातात गेला होता, वारस नव्हता. 1966 मध्ये कंपनी विलीन झाली, 1968 मध्ये त्यातून ब्रिटिश लेलँड तयार झालं आणि 1975 मध्ये ते सरकारी मालकीत गेलं. कोव्हेंट्रीतल्या ब्राऊन्स लेनच्या जॅग्वार कारखान्याला कागदोपत्री 'लार्ज कार असेंब्ली प्लांट नंबर 2' म्हणू लागले.

1968 ची एक्सजे6 चालवायला जगातल्या सर्वात गुळगुळीत गाड्यांपैकी होती. बिघाड कुठे आणि का होत, हे तपशिलात पाहू.

मागचे डिस्क ब्रेक चाकापाशी नसून मध्यभागी, इंजिनाची ताकद मागच्या चाकांत वाटणाऱ्या डिफरन्शियलला चिकटून होते. यामुळे चाकाचं वजन कमी होऊन गाडी मऊ चाले, पण ब्रेकची उष्णता थेट डिफरन्शियलच्या तेल-सीलवर जाई. सील भाजून कडक होई, तेल डिस्कवर गळे, ब्रेक कमजोर पडत. किरकोळ किमतीचा तो सील बदलायला मागची अख्खी सबफ्रेम खाली उतरवावी लागे. 1971 च्या 5.3 लिटर बारा सिलिंडर इंजिनात नळ्यांची आणि वायरींची इतकी गर्दी होती की उष्णता बॉनेटखालीच कोंडे. पेट्रोलच्या रबरी होज काही वर्षांत कडक होऊन तडकत, आणि खाली तापलेलं इंजिन. आगी लागल्या त्या यातून. मागच्या दोन्ही बाजूंच्या मडगार्डांत एकेक पेट्रोल टाकी, दोन्ही तळाशी गंजणाऱ्या. लेलँडच्या कॅसल ब्रॉमिच कारखान्याहून येणारी रंगवलेली बॉडी तर इतकी सदोष असे की ग्राहकाला पहिला दोष गाडी सुरू करण्याआधी, शोरूमच्या उजेडातच दिसे.

यातला जवळपास प्रत्येक दोष आरेखनातली धडधडीत चूक म्हणावा असा नाही. चांगला सील, चांगली होज, नीट बसवणूक, यांनी बहुतेक टळले असते. पण अमेरिकी मालक रोज दूर जाणारा, उन्हाळ्यात एसी लावून रांगेत उभा राहणारा. त्याची गाडी महिन्यातून दोनदा वर्कशॉपात. 'जॅग्वार घ्यायची तर दोन घ्या, एक गॅरेजात राहील' हा विनोद तिथेच रुजला, आणि विनोद नावाला चिकटला की जाहिरातीने निघत नाही.

कंपनीतल्या इंजिनिअरांनी एक किल्ला मात्र लढवला. लेलँडने रोव्हरचं व्ही8 इंजिन लादू नये म्हणून नव्या एक्सजे40 ची इंजिनाची जागा मुद्दाम अरुंद ठेवली, असं सांगितलं जातं. परिणाम असा की 1986 मध्ये ती गाडी आली तेव्हा जॅग्वारचं स्वतःचं बारा सिलिंडर इंजिनही तीत बसेना. पुढचा भाग नव्याने आखून ते बसवायला 1993 उजाडलं.

1980 ते 1984: दोषांची यादी

या प्रकरणातला सर्वात शिकण्यासारखा तुकडा हाच. एप्रिल 1980 मध्ये जॉन ईगन अध्यक्ष म्हणून आले तेव्हा कारखान्यात संप चालू होता. त्या वर्षी जेमतेम 14 हजार गाड्या बनल्या, अमेरिकेत सुमारे 3 हजार विकल्या गेल्या. नवं मॉडेल काढायला पैसा नव्हता. म्हणजे जुनीच एक्सजे, जुनीच माणसं आणि जुनीच यंत्रं घेऊन नाव सावरायचं होतं.

पहिली पायरी, वॉरंटीचे दावे आणि मालकांच्या तक्रारी गोळा करून दोषांची एकच यादी. ती सुमारे 150 वारंवार येणाऱ्या दोषांची निघाली. बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजच्या मालकांनाही तेच प्रश्न विचारले, म्हणजे नुसतं 'किती वाईट' नव्हे तर 'कोणापेक्षा किती वाईट' हे कळलं.

दुसरी पायरी वर्गीकरणाची. सुमारे 60 टक्के दोष बाहेरून आलेल्या भागांचे होते. तोवर कारखान्यातला कामगार आळशी, संपकरी म्हणून बदनाम होता. आकडा दुसरीकडे बोट दाखवत होता, खरेदी खात्याकडे. लायन्स यांच्या काळापासून भाव पाडून घेण्यात पटाईत असलेलं खातं ते हेच.

तिसरी पायरी, सर्वात जाचक दोष थेट संचालकांच्या गटांना वाटून दिले. प्रत्येक गटात डिझाइन, उत्पादन, खरेदी आणि तो भाग पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस एकाच टेबलाशी. दोष संपल्याशिवाय गट विसर्जित होत नसे. पुरवठादारांसाठी नवा करार आला. ठरलेल्या मर्यादेवर भाग निकामी झाले तर भागाची किंमतच नव्हे, डीलरकडे तो बदलायची मजुरीही पुरवठादाराच्या माथी. हा मुद्दा निर्णायक होता. दोन पौंडांचा स्विच फुकट बदलून देणं पुरवठादाराला परवडतं, पण डॅशबोर्ड उघडायची तीन तासांची मजुरी परवडत नाही. मग तो आपल्याच दारात माल तपासू लागतो.

चौथी, कॅसल ब्रॉमिचचा बॉडी आणि रंगाचा कारखाना जॅग्वारच्या ताब्यात घेतला. पत्रा दुसऱ्या खात्याचा आणि बदनामी आपली, ही अवस्था संपली. मनुष्यबळ सुमारे 10 हजारांवरून 7 हजारांच्या घरात आलं. हे सोसलेल्या हजारो कुटुंबांचा उल्लेख यशोगाथांत एका ओळीत उरकतात, तसा तो उरकू नये.

1984 मध्ये 33 हजार गाड्या बनल्या. ऑगस्टमध्ये 165 पेन्स दराने समभाग विकून सरकारने सुमारे 29 कोटी पौंड उभे केले. 1985 मध्ये अमेरिकेतली विक्री 20 हजारांवर गेली आणि नफा 12 कोटी पौंडांवर.

पण या नफ्यात एक पाहुणा होता, विनिमय दर. समजा गाडी अमेरिकेत 30,000 डॉलरला जाते. 1980 च्या अखेरीस पौंड 2.40 डॉलरच्या आसपास होता, तेव्हा कोव्हेंट्रीला 12,500 पौंड पोचत. 1985 च्या सुरुवातीला पौंड 1.05 डॉलरपर्यंत पडला, त्याच गाडीचे 28,500 पौंड. 1988 मध्ये दर 1.80 झाला की पुन्हा 16,700. अर्ध्याहून अधिक माल एकाच देशात विकणाऱ्या कंपनीचा नफा असा येतो आणि जातो. आलेल्या काळात नवे कारखाने, नवं इंजिन, दुसरं मॉडेल एवढं सगळं उरकणं अशक्य होतं. त्यात एक्सजे40 चे इलेक्ट्रॉनिक डायल आणि आपोआप उंची राखणारं मागचं सस्पेन्शन तक्रारी आणू लागलं. डायल पुढे साध्या काट्यांचे करावे लागले, आणि सस्पेन्शनच्या जागी कित्येक मालकांनी साध्या स्प्रिंगा बसवल्या.

फोर्ड: तब्येत सुधारली, ओळख पातळ झाली

1989 मध्ये फोर्डने 160 कोटी पौंडांना जॅग्वार घेतली. फोर्डचे बिल हेडन कारखाना पाहून म्हणाले की यापेक्षा वाईट कारखाना आपण फक्त रशियात गोर्की इथे पाहिला. लायन्स यांनी न केलेला खर्च त्या एका वाक्यात आला. फोर्डने यंत्रं, तपासणी, प्रक्रिया यांवर पैसा ओतला आणि 1994 नंतरची एक्सजे खरोखर वेगळी गाडी होती.

तरी एक जखम झालीच. 1996 च्या नव्या व्ही8 इंजिनात ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला निकॅसिलचा, म्हणजे निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा होता. जास्त गंधक असलेल्या पेट्रोलमधून तयार होणारं आम्ल त्या निकेलला खाई, विशेषतः थोडं अंतर जाऊन थंडच बंद होणाऱ्या गाड्यांत. सिलिंडरचा वरचा भाग झिजे, कॉम्प्रेशन पडे, सकाळी गाडी सुरू होईना. उपाय इंजिन बदलण्याचाच. 2000 मध्ये लोखंडी लायनर आले. त्याच इंजिनात वरच्या टायमिंग चेनचे टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारे भाग, प्लास्टिकचे होते. तडा गेला की चेन उडी मारे आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत. पुढे ते धातूचे झाले. वाईट वाटतं ते याचं की निकॅसिल आणि गंधकाचा हाच फटका बीएमडब्ल्यूला काही वर्षं आधी बसून गेला होता. बीएमडब्ल्यूच्या बाबतीत लोक 'एक इंजिन फसलं' म्हणाले, जॅग्वारच्या बाबतीत 'आम्ही सांगत नव्हतो का' म्हणाले. पत असणाऱ्याची चूक आणि पत नसलेल्याची चूक बाजारात एकाच तराजूत तोलत नाहीत.

2001 ची एक्स-टाइप हेलवूडमध्ये, फोर्डच्या साध्या मोंडिओ गाडीच्या पायावर तयार झाली. वर्षाला लाखभर गाड्यांचं लक्ष्य होतं, सर्वात चांगल्या वर्षी 50 हजारांच्या आसपास गेल्या. गाडी वाईट नव्हती. पण युरोपात डिझेलची मागणी वाढत असताना ती डिझेलविना आली, दोन वर्षं गमावली, आणि रूप आजोबांच्या एक्सजेची छोटी नक्कल. 'मोंडिओला मोठा अंगरखा' हे वाक्य चिकटलं. 2000 ते 2004 फॉर्म्युला वनमध्ये मोठा खर्च झाला आणि फक्त दोनदा तिसरा क्रमांक मिळाला.

म्हणजे 2006 च्या सुमारास गाडी आतून निरोगी झाली होती आणि बाहेरून कंटाळवाणी. 2009 च्या त्या पहिल्या क्रमांकाचं मोल फोर्डने भरलं होतं.

बॉम्बे हाउसने काय घेतलं

26 मार्च 2008 ला टाटा मोटर्स आणि फोर्डचा करार जाहीर झाला, 2 जूनला व्यवहार पुरा. जॅग्वार आणि लँड रोव्हर दोन्ही मिळून 230 कोटी डॉलर. फोर्डने दोन्हीसाठी मिळून याच्या दुपटीहून अधिक मोजले होते, आणि विकताना सुमारे 60 कोटी डॉलर निवृत्तिवेतन निधीत वर घातले. डेमलर आणि लँचेस्टर ही जुनी नावंही सोबत आली.

इयन कॅलम यांनी आखलेली एक्सएफ तेव्हा नुकतीच बाजारात आली होती. पुढे एक्सजे, एफ-टाइप, 2015 ची एक्सई, 2016 ची एफ-पेस अशी रांग लागली. 2009 मध्ये मुंबईत विक्री सुरू झाली, 2013 पासून एक्सएफ पुण्यात चिखलीच्या कारखान्यात जोडली जाऊ लागली. 2018 मध्ये जगभर 1 लाख 80 हजार जॅग्वार विकल्या गेल्या. इतिहासातला सर्वात मोठा आकडा.

आणि तरी पैसा उरत नव्हता. एक्सई बीएमडब्ल्यू 3 सीरिजच्या वर्गात उतरवली, पण महागड्या ॲल्युमिनियमच्या पायावर. 3 सीरिज वर्षाला लाखोंनी विकते, साचे आणि संशोधनाचा खर्च तेवढ्या गाड्यांवर वाटला जातो. एक्सईचा खर्च त्या मानाने फार थोड्या गाड्यांवर. लँड रोव्हरचा नफा जॅग्वारची तूट भरत होता. 2015 नंतर डिझेलची हवा फिरली, चीनमधली विक्री गळली, आणि डिसेंबर 2018 च्या तिमाहीत जॅग्वार लँड रोव्हरने 310 कोटी पौंडांची मालमत्ता खात्यातून उतरवली. टाटा मोटर्सचा त्या तिमाहीचा तोटा सुमारे 27 हजार कोटी रुपये.

पुण्या-मुंबईत आज जुन्या जॅग्वारवर नजर ठेवणाऱ्यांसाठी इथे थोडं थांबावं. गाडीची किंमत उतरते, भागांची उतरत नाही. जुन्या 2.2 डिझेलला टायमिंग बेल्ट आहे, तो कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा. जॅग्वार लँड रोव्हरच्या स्वतःच्या 2.0 इंजेनियम डिझेल इंजिनाची चेन इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. थंड इंजिन सुरू करताना खडखड ऐकू आली तर मजुरीच भागांच्या वर जाते. ही गाडी रोज फक्त कोथरूड ते डेक्कन फिरली असेल तर काजळीचा फिल्टर जाळायची फेरी अर्ध्यात तुटते आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर तेच झालंय. 3.0 व्ही6 डिझेलमध्ये क्रँकशाफ्टचे बेअरिंग निकामी झाल्याची प्रकरणं आहेत, त्यामुळे ऑइल बदलाची पूर्ण नोंद नसलेली गाडी सोडून द्या. सुपरचार्ज्ड पेट्रोलमध्ये कूलंटच्या प्लास्टिक नळ्या उष्णतेने ठिसूळ होतात, फुटायची वाट न पाहता संच बदला. आठ गिअरच्या झेडएफ गिअरबॉक्सचं ऑइल 'आयुष्यभरासाठी' असं सांगतात, पण गिअरबॉक्स बनवणारेच 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगतात. त्याचा फिल्टर खालच्या प्लास्टिक पॅनमध्येच असतो, पॅनसकट बदलावा लागतो.

पहिला येऊन मागे

2018 ची विजेवर चालणारी आय-पेस मर्सिडीज आणि ऑडीच्या आधी रस्त्यावर आली, ऑस्ट्रियात ग्राझ इथे बनली आणि 2019 मध्ये जगातली सर्वोत्तम गाडी ठरली. त्यानंतर काही बॅटऱ्या तापण्याचं प्रकरण निघालं. सेलच्या आतली ॲनोडची पट्टी बनवतानाच दुमडली गेली होती. आधी सॉफ्टवेअर बदललं, मग 80 टक्क्यांच्या वर चार्ज करू नका आणि गाडी इमारतीबाहेर उभी करा असं सांगितलं, आणि 2024 मध्ये अमेरिकेतल्या 2019 सालच्या 2,760 गाड्या परत विकत घेण्याचं कंपनीने जाहीर केलं. दोष पुन्हा बाहेरून आलेल्या भागात होता. ईगन यांच्या यादीतला 60 टक्क्यांचा धडा इथे जसाच्या तसा लागू होता.

2021 मध्ये कंपनीने फक्त विजेच्या आणि खूप महाग गाड्या बनवायचं ठरवलं, जवळजवळ तयार झालेली विजेची एक्सजे रद्द केली. 2024 मध्ये एक्सई, एक्सएफ, एफ-टाइप बंद झाल्या, नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमधली नव्या गाड्यांची विक्री थांबली. त्याच महिन्यात गाडी न दाखवणारी जाहिरात आली आणि जगभर टीका झाली. एप्रिल 2025 मध्ये युरोपात फक्त 49 जॅग्वारची नोंद झाली, आधीच्या वर्षी त्याच महिन्यात 1,961 होत्या. हा आकडा जाहिरातीची शिक्षा म्हणून फिरवला गेला, ते चूक आहे. विकायला गाड्याच नव्हत्या, आणि तसं आधीच ठरलं होतं. जाहिरात आम्हालाही पटली नाही, पण निर्णय 2021 चा आणि त्याचं कारण एक्सईच्या हिशोबात आहे.

डिसेंबर 2024 मध्ये मायामीत नव्या गाडीचा नमुना दाखवला, त्यावरून बनणाऱ्या गाडीची किंमत 1 लाख पौंडांच्या वर असेल असं कंपनीने सांगितलं होतं. लायन्स यांच्या गाडीची खरी किंमत ऐकून लोक खिशात हात घालत. आता पहिल्यांदाच जॅग्वार आपल्या ऐटीची पूर्ण किंमत आधी मागणार आहे. ज्याच्याकडे तेवढे पैसे आहेत तो पोर्शेच्या दुकानातही जाऊ शकतो. त्याला थांबवायला या गाडीकडे पहिली तीन वर्षं वर्कशॉपचं तोंड न पाहणं हाच उपाय आहे, आणि तो हिशोब बॅटरीच्या एकेका सेलपर्यंत, पुरवठादाराच्या दारातल्या तपासणीपर्यंत जातो.